शनिवार दुपार ते रविवार दुपार: भिगवणचे पक्षी आणि हुरडा, घर-शाळा-ऑफिस सांभाळून

माळवाट

थंडीत घरच्या सगळ्यांना घेऊन दोन दिवस कुठेतरी जायचं, हा विषय दिवाळीनंतर घराघरांत निघतो आणि फेब्रुवारीत परीक्षांचं वेळापत्रक लागलं की बारगळतो. बहुतेक घरांत सुट्टीपेक्षा आराखड्याचीच अडचण असते. दोन मुक्काम, चार ठिकाणं आणि तीन कुटुंबं असं ठरलं की सगळ्यांना जमणारी तारीख सापडतच नाही. म्हणून पुण्यातल्यांसाठी एकच सुटसुटीत आराखडा मांडतोय. एक मुक्काम, एक तळं, एक शेत. ऑफिसची रजा शून्य.

शनिवारी शाळा आणि अर्ध्या दिवसाचं ऑफिस उरकून दीडच्या आत हडपसर सोडायचं. उरुळी कांचन, यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ, भिगवण. सोलापूर हमरस्त्याने शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. चहाला एकदा थांबलं तरी चारला पोचता येतं. वाटेत एकही घाट नाही, त्यामुळे ज्यांच्या मुलांना गाडी लागते त्यांनी महाबळेश्वरच्या आधी याचा विचार करावा. मुक्काम कुंभारगाव किंवा डिकसळच्या बाजूला, उजनी धरणाच्या पाण्याजवळ. रविवारी सकाळी सातला होडी, नऊला किनाऱ्यावर परत, साडेदहा ते बारा हुरडा, एकला परतीची वाट आणि चारच्या सुमाराला घर. संध्याकाळ दप्तर, डबे आणि धुण्याला मोकळी राहते. माझ्या मते या आराखड्याचं खरं बळ रविवारच्या या मोकळ्या संध्याकाळीत आहे. सोमवारची धास्ती नसली की घरातली मोठी माणसंही तयार होतात.

तारीख कशी निवडायची? पौष महिना बघा. पौषात आपल्याकडे लग्नं काढत नाहीत, त्यामुळे शनिवार-रविवार आमंत्रणांपासून मोकळे असतात. पौष बहुतेक डिसेंबरअखेर ते जानेवारीअखेर असतो, पण अधिक मास येऊन गेला की पुढे सरकतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे त्यानंतरचा पौष जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत आहे. हुरडा आणि रोहित (फ्लेमिंगो) पक्षी दोन्हींसाठी हाच काळ उत्तम. नाताळ ते एक जानेवारी आणि सव्वीस जानेवारीला जोडून येणारा शनिवार-रविवार मात्र टाळा. मुक्काम महाग मिळतो आणि होडीसाठी ताटकळावं लागतं.

पक्षी, हुरडा, रस्ता, लहान मुलं, वयस्कर मंडळी, ज्याला जे नीट माहीत आहे त्याने ते खाली प्रतिसादात सविस्तर लिहावं.

शेकाट्या

पक्ष्यांचं लिहितो. भिगवणला जाणाऱ्यांची सगळ्यात मोठी निराशा "रोहित दिसलेच नाहीत" ही असते, आणि तिचं कारण उजनीच्या पाण्यात आहे.

भिगवणचं पाणी म्हणजे भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा. रोहित चोच उलटी धरून उथळ पाण्यातला चिखल गाळतो आणि त्यातलं बारीक अन्न टिपतो. त्याला पाय टेकतील इतकंच पाणी लागतं. पावसाळ्यात वरच्या धरणांतून पाणी येऊन उजनी तुडुंब भरली असेल, तर डिसेंबरात काठाला चिखलपट्टे उघडेच पडलेले नसतात. रब्बीसाठी कालव्याला आणि नदीत पाणी सुटायला लागलं की पातळी उतरते, दलदल उघडी पडते आणि मग थवे येतात. म्हणून पाऊस चांगला झालेल्या वर्षी डिसेंबरात घाई करू नका. जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्चची सुरुवात जास्त भरवशाची. पाऊस कमी झालेल्या वर्षी डिसेंबरही चालतो. उजनीच्या उपयुक्त साठ्याची टक्केवारी बातम्यांत येत असते, ती बघा. शंभरच्या आसपास असेल तर तारीख पुढे ढकललेली बरी.

रोहित नसले तरी सकाळ वाया जात नाही. चित्रबलाक, राखी बगळा, नदी सुरय, शेकाट्या, थापट्या, चक्रवाक आणि हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब. मत्स्यगरुड (ऑस्प्रे) दिसला तर होडी थांबवून पाच-दहा मिनिटं त्याच्यावरच घालवा. पाण्यात रोवलेल्या काठीवर किंवा वठलेल्या झाडावर तो बसलेला असतो. मासा धरून वर आला की पकड बदलून माशाचं तोंड पुढे करतो, म्हणजे उडताना वारा कमी अडतो. दहा वर्षांच्या मुलाला हे एकदा दाखवलंत की तो पुढचा तासभर दुर्बीण सोडणार नाही.

दुर्बीण ८×४२ घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. लहान हातांना ८×३२ बरी, वजनाला हलकी असते. १०× होडीत हलते, चित्र स्थिर राहत नाही. चार माणसांत एकच दुर्बीण असेल तर मुलांची भांडणं होतात, म्हणून निदान दोन हव्यात.

नावाड्याला निघतानाच दोन गोष्टी सांगा. थव्याच्या बरंच अलीकडे इंजिन बंद करून पुढे वल्ह्याने किंवा बांबूने न्यायचं, आणि ऊन पाठीशी ठेवायचं. पक्षी माना उंच करून एकाच दिशेला चालायला लागले की ते उडायच्या बेतात आहेत असं समजा आणि तिथेच थांबा. फोटोसाठी थवा उडवायला कुणी सांगितलं तर नावाडी बिचारा नाही म्हणत नाही, कारण गिऱ्हाईक दुखावतं. पण सकाळभर उडवलेल्या पक्ष्याला चरायला वेळ उरत नाही, आणि पुढच्या होडीतल्या मुलांना ते दिसतही नाहीत. कुरव (सीगल) पक्ष्यांना शेव-फरसाण टाकू नका, मुलांनी कितीही हट्ट केला तरी.

अनघा_हडपसर

शेकाट्या, उजनीच्या पाण्याखाली गेलेलं पळसदेवचं देऊळ हिवाळ्यात बघायला मिळतं का? सासऱ्यांना ते बघायचं आहे. आणि माळरानाची सफारी याच दीड दिवसात बसेल का?

शेकाट्या

पळसदेव हिवाळ्यात धरू नका. पाणी खूप खाली गेलं की देऊळ उघडं पडतं, आणि ते बहुधा उन्हाळ्यात, धरणाचा साठा वजा पातळीत गेल्यावर, म्हणजे उपयुक्त साठा संपल्यावर. जानेवारीत शिखराचा भाग दिसला तर दिसला, तेवढ्यासाठी वाट वाकडी करण्यात अर्थ नाही.

इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीचं माळरान सुंदर आहे. चिंकारा, खोकड, धाविक आणि भोवत्या हे पक्षी, नशीब असेल तर लांडगा. वनखात्याने २०२४ मध्ये कडबनवाडी आणि शिर्सुफळला माळरान सफारी सुरू केली आहे, त्यासाठी आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि गावातला वाटाड्या सोबत असतो. पण जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमाराला मावळतो. चारला भिगवणला पोचून, खोलीत सामान टाकून पुन्हा पाऊण तास गाडीत बसलात तर पोचेपर्यंत उजेड जायला आलेला असतो. सफारी हवीच असेल तर पुणे अकराला सोडा आणि मुक्कामाला न जाता थेट माळावर जा. ते जमत नसेल तर सफारी वेगळ्या रविवारी करा. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य आहेच, ५.१४ चौरस किलोमीटरचं, चिंकाऱ्यांसाठी राखलेलं. पुण्याहून एका सकाळीत होतं.

माळवाट

सहमत. भुलेश्वरचंही तेच. यवतजवळून फाटा आहे, कोरीवकाम अप्रतिम आहे, आणि "वाटेतच तर आहे" म्हणून सगळे गाडी वळवतात. वर जाऊन नीट बघून परत हमरस्त्याला लागेपर्यंत दीड-दोन तास जातात आणि भिगवणला अंधारात पोचावं लागतं. अंधारात का पोचू नये ते रस्त्याची माहिती असलेल्यांनी लिहावं.

दौंडकर

मी लिहितो. नोव्हेंबर ते मार्च आमच्याकडे गाळपाचा हंगाम. दौंड, बारामती, इंदापूर, करमाळा, सगळीकडून कारखान्यांकडे ऊस चाललेला असतो. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या. मागचा दिवा एक तर नसतो, नाहीतर उसाच्या वाढ्यांनी (शेंड्याच्या पाल्याने) झाकलेला असतो. ट्रॉली वीस-पंचवीसच्या वेगाने चाललेली असते आणि तुम्ही ऐंशी-नव्वदने येता. अंधारात समोर काय आहे ते कळेपर्यंत अंतर संपलेलं असतं. त्यातून पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला दगड लावून रात्रभर उभी असते. हमरस्ता सोडून गावाच्या रस्त्याला लागलात की बैलगाड्याही भेटतात.

म्हणून सूर्य मावळायच्या आत पोचा. उशीर झालाच तर डावी मार्गिका सोडून मधल्या बाजूने, साठच्या आत चालवा. समोरून गाडी नसेल तेव्हा अप्पर लावा. ऊस भरलेल्या ट्रॉलीला चिकटून ओव्हरटेक करू नका, भार एका बाजूला कललेला असतो.

पहाटे पुण्यातून निघून थेट सातची होडी गाठणारेही खूप आहेत. त्यासाठी साडेचारला घर सोडावं लागतं, आणि पाटसच्या पुढे, कालव्याजवळ आणि धरणाकडेला धुकं असतं. धुक्यात अप्पर लावला तर उजेड डोळ्यावर उलटा येतो. डिपर आणि असतील तर फॉग लाइट, वायपर अधूनमधून, काच आतून पुसायला कोरडं फडकं हाताशी. लहान मुलं आणि म्हातारी माणसं गाडीत असतील तर ही पहाटेची धावपळ करू नका, मुक्कामच करा.

शनिवारी हडपसर ते लोणी काळभोर हा पट्टा दीडच्या आत ओलांडला तर बरा. चारनंतर निघालात तर पहिल्या वीस किलोमीटरलाच तास जातो. फास्टॅगमध्ये पैसे आदल्या दिवशी भरून ठेवा, पाटसला टोल आहे.

गाडी नसेल तर रेल्वे आहे. भिगवण स्टेशन पुणे-सोलापूर मार्गावरच आहे, पण सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. थांबा बघूनच तिकीट काढा आणि स्टेशनवर घ्यायला या म्हणून मुक्कामवाल्याला आधी सांगून ठेवा.

अनघा_हडपसर

दौंडकर दादा, हे फार उपयोगाचं लिहिलंत. सात वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखीच्या सासूबाई आहेत. होडीत चढताना काय अडचण येते?

वैशाली ग.

अनघा, होडीबद्दल आधी सुरक्षेचं. मे २०२४ मध्ये याच उजनीत, कळाशी ते कुगाव दरम्यान, वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. हिवाळ्यातली सकाळ शांत असते आणि पक्ष्यांच्या होड्या काठाजवळ उथळात फिरतात, तरी वाऱ्याचा नियम तोच. पाण्यावर पांढऱ्या लाटा दिसत असतील तर जायचं नाही, पैसे दिलेले असले तरी. प्रत्येकाला जाकीट. लहान मुलांच्या मापाचं जाकीट आहे का हे नोंदणी करतानाच फोनवर विचारा, ऐनवेळी मोठ्या माणसाचंच पुढे केलं जातं आणि ते मुलाच्या डोक्यावरून निसटतं. जाकिटाचे तिन्ही बंद लावून खांद्याला धरून वर ओढून बघा, हनुवटीच्या वर येत असेल तर सैल आहे.

सासूबाईंसाठी: होडीत चढायला बांधलेला धक्का असा नसतो. पाणी उतरेल तशी होडी लागण्याची जागा पुढे सरकते आणि शेवटची वीस-तीस पावलं ओल्या चिखलातून जातात. होडीचा काठ गुडघ्याच्या वर येतो. सोबत प्लास्टिकचं बुटकं स्टूल ठेवा, त्यावर एक पाय देऊन चढता येतं. होडीत सपाट फळीवर बसावं लागतं, पाठीला टेका नसतो. दीड-दोन तास अवघड वाटत असेल तर पाऊण तासाची फेरी ठरवा किंवा त्यांना काठावर खुर्ची टाकून द्या, काठावरूनही बरंच दिसतं. आणि निघण्यापूर्वी सगळ्यांनी स्वच्छतागृहात जाऊन या, मध्ये सोय नाही.

थंडी: जानेवारीत पहाटे दहा-बारा अंश असतं, पण चालत्या होडीत वारा लागतो तेव्हा त्याहून जास्त गारठा वाटतो. मुलांना एक जाड जॅकेट घालण्यापेक्षा सुती बनियन, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट, स्वेटर आणि वर वारा अडवणारं पातळ जर्किन असं घाला, कारण साडेदहाला शेतात तीसच्या जवळ जातं आणि एकेक थर काढता येतो. कानटोपी, पायमोजे. बूट चिखलात भरतात, म्हणून धुता येतील असे सँडल आणि मोज्यांचा जादा जोड.

पाण्यात हात घालू देऊ नका. शहरांचं सांडपाणी नदीतून याच धरणात येतं. होडीतून उतरल्यावर साबणाने हात धुऊनच खायला द्या. संध्याकाळी पाण्याकाठी दिव्याभोवती चिलटं येतात, खोलीची खिडकी दिवा लावायच्या आधी बंद करा.

गूळभेंडी

हुरड्यावर कुणी लिहिलं नाही अजून, आणि निम्मी सहल तर तीच आहे.

हुरडा म्हणजे रब्बी ज्वारीचं कोवळं कणीस, दाणा दुधातून चिकात आणि चिकातून घट्ट व्हायला लागतो त्या आठ-दहा दिवसांतलं. एकाच पेऱ्याला तेवढाच काळ मिळतो. हुरड्यासाठीच शेती करणारे दहा-दहा दिवसांच्या अंतराने पट्टे पेरतात, म्हणून डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत मिळत राहतो. तारीख ठरवताना शेतकऱ्याला एवढंच विचारा, "त्या रविवारी कुठला पट्टा चालू असेल, आणि वाण कुठलं?" सुरती, गूळभेंडी, फुले मधुर ही हुरड्याची वाणं. दाणा गोड असतो आणि बोंडातून चटकन सुटतो. मालदांडी भाकरीला एक नंबर, पण तिचा हुरडा चोळताना दाणा सुटायला त्रास देतो आणि कुसं-कोंडा घशाला लागतो. नुसतं "हुरडा आहे, या" असं उत्तर आलं तर पुढचं शेत बघा.

कणीस बरोबर आहे का ते नखाने कळतं. दाणा दाबला आणि पांढरं दूध उडालं तर आणखी चार दिवस हवेत, भाजल्यावर तो आकसून चिकट होतो. नख रुतलं आणि मऊ कणकेसारखं लागलं तर तोच हुरडा. नख रुतलं नाही तर तो निबर झाला, पोटात दुखायची तयारी ठेवा.

आगटी अशी: हातभर रुंद, वीतभर खोल खड्डा. त्यात शेणाच्या गोवऱ्या रचून पेटवायच्या आणि ज्वाळ पूर्ण बसू द्यायचा. खाली निखारा आणि वर राख झाली की कणसं त्या गरम राखेत खुपसायची, दांडा बाहेर ठेवून. तीन-चार मिनिटांत, मधे एकदा फिरवून, तयार. घाई करून ज्वाळेवर धरली तर बाहेरून काळी आणि आत कच्ची राहतात. लाकडं पेटवून केलेली आगटीही बघायला मिळते. तिची आच एकसारखी राहत नाही आणि दाण्याला धुराचा वास बसतो, गोवरीच हवी. बाहेर काढलं की राख झटकून लगेच तळहातांत किंवा गोणपाटावर चोळायचं आणि सुपात पाखडायचं. भाजलेला दाणाही हिरवा दिसला पाहिजे. हुरडा थांबत नाही, गार झाला की वातड होतो, म्हणून माणसं आगटीभोवती बसलेली असली पाहिजेत. मोबाइलवर फोटो काढून होईपर्यंत चव गेलेली असते.

सोबत शेंगदाण्याची चटणी, लसणाची चटणी, गूळ, दही, रेवड्या. शेतात हरभरा असेल तर त्याचे डहाळे त्याच आगटीत टाका. बोरं, ऊस, पेरू हे नंतर. मोठ्या माणसाला पाच-सहा कणसं पुरतात, लहान मुलांना दोन. चटणी तिखट असते, मुलांना गुळासोबत द्या.

आता चूक कुठे होते? हुरडा केंद्रावर सकाळचा नाश्ता, हुरडा आणि जेवण असं एकत्र ताट असतं. पैसे भरलेत म्हणून मंडळी आधी पोहे-मिसळ खातात, मग हुरडा, मग लगेच पिठलं-भाकरी, आणि परतीच्या गाडीत सगळे बेजार. होडीनंतर नुसता चहा आणि एखादं केळं. हुरडा भरपूर. त्यावर पाण्याऐवजी ताक. तासाभराने वाटलं तर अर्धी भाकरी. नुसत्या हुरड्याचा वेगळा दर असतो का हे विचारा, बरेच शेतकरी देतात.

घरी न्यायचा असेल तर न भाजलेला, सोललेला दाणा घ्या. फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, डीप फ्रीजरमध्ये बराच काळ टिकतो. आयत्या वेळी तव्यावर तुपाचं बोट लावून परतायचा, किंवा थालीपीठ करायचं. पण कणसं आणि पिशवी गाडीच्या डिकीत उन्हात ठेवली तर संध्याकाळपर्यंत आंबूस वास येतो. थंड पिशवी नसेल तर ओल्या सुती कापडात गुंडाळून पायाशी, सावलीला ठेवा.

अनघा_हडपसर

गूळभेंडी, "कणसं आगटीत दांडा बाहेर ठेवून" हे वाचूनच मुलगी विचारतेय कधी जायचं. रात्रीच्या जेवणाचं काय? आमच्यात निम्मे मासे खाणारे, निम्मे नाही.

दौंडकर

भिगवणची मच्छी सगळीकडे मिळते. चिलापी स्वस्त आणि भरपूर, पण काटा जपून काढावा लागतो. रस्सा आमच्याकडे झणझणीत असतो. मुलांसाठी "तव्यावर नुसतं हळद-मीठ लावून दोन तुकडे" असं जेवण सांगतानाच सांगा, ताटात आल्यावर तिखट कमी होत नाही. शाकाहारी मंडळींसाठी वेगळ्या तव्याची आणि तेलाची अपेक्षा असेल तर तेही आधी सांगा. सगळीकडे ते होत नाही, मग पिठलं-भाकरी-ठेचा मागवावा.

मांडवा_धक्का

मुंबईकरांनी काय करायचं? दादरहून भिगवणला दीड दिवसात जायचं म्हणजे गाडीतच बसून राहणं आहे.

माळवाट

बरोबर. मुंबईहून भिगवण दोन मुक्कामांशिवाय करू नये. तुमच्या टोपणनावावरून उत्तर तुमच्याकडेच आहे असं वाटतं, लिहा की.

मांडवा_धक्का

लिहितो. मुंबईसाठी याच धर्तीचा आराखडा अलिबाग तालुक्यात बसतो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते, २०२० पासून. गाडी बोटीवर चढवायची आणि साधारण तासाभरात पलीकडे. पेण-वडखळचा शनिवारचा खोळंबा वाचतो. गाडीची जागा आधी नोंदवावी लागते, हिवाळ्यातल्या शनिवार सकाळच्या आणि रविवार संध्याकाळच्या फेऱ्या लवकर भरतात. परतीची जागा आधी नोंदवा आणि मग जायची. उलट केलं की रविवारी अडकायला होतं. गाडी न्यायची नसेल तर गेटवेवरून मांडव्याच्या बोटी आहेत.

आणि तिकडे हुरड्याच्या जागी पोपटी. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की रायगडात घरोघरी लागते. मातीच्या मडक्यात तळाला आणि कडेने भांबुर्डीचा (एका वासाच्या रानवनस्पतीचा) पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ. मधे बटाटे, कांदे, रताळी, अंडी. चिकन घालायचं असेल तर हळद-मसाला लावून केळीच्या पानात बांधून. पाणी थेंबभरही नाही, सगळं शेंगांच्या आणि पाल्याच्या वाफेवर शिजतं. तोंडाशी पाला गच्च कोंबून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती सुका पेंढा, पालापाचोळा, काटक्या लावून अर्धा-पाऊण तास जाळ. मडक्यावर पाण्याचा हात शिंपडला आणि चर्र आवाज आला की झालं. पाला कमी पडला तर तळाच्या शेंगा करपतात. शेंगा जून असतील तर शिजत नाहीत, त्यामुळे वाल नखाने फोडून बघूनच घ्या. भांबुर्डीच्या ऐवजी दुसरा कुठलाही पाला घालू नका, वास त्याचाच असतो.

शनिवारी दुपारची बोट, रात्री पोपटी, रविवारी सकाळी किनारा, दुपारी परत. यातही रजा लागत नाही.

रेवती_शिफ्ट

शनिवार-रविवार मिळतच नाहीत अशांसाठी: मधल्या वारी गेलात तर भिगवण जास्त चांगलं. होड्या मोकळ्या, पक्षी निवांत. मुलाची शाळा बुडते एवढाच प्रश्न. शाळेच्या स्नेहसंमेलनानंतर बहुतेक ठिकाणी एक दिवस सुट्टी देतात, ती तारीख डिसेंबरातच कळते. त्या दिवसाला आपली साप्ताहिक सुट्टी जोडून मागा. वरिष्ठांकडे महिनाभर आधी तारीख टाकली तर बदली माणूस मिळतो. आदल्या आठवड्यात मागितली की नाही म्हणतात. मात्र हुरडा केंद्रं काही ठिकाणी फक्त शनिवार-रविवारी चालू असतात. मधल्या वारी जाणार असाल तर आगटी पेटवणार का ते विचारूनच जा.

वैशाली ग.

बायकांच्या दृष्टीने एक सांगते. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकवांचे दिवस, आणि नोकरी करणाऱ्या मैत्रिणी ती शनिवार-रविवारीच ठेवतात. आपलं हळदीकुंकू मधल्या वारी संध्याकाळी उरकून टाका आणि सहलीची तारीख सोसायटीच्या ग्रुपवर आधीच सांगून ठेवा.

वेळ खातं ते घरातलं आवरणं. शुक्रवारी रात्रीच भरा आणि एका माणसामागे एकच पाठपिशवी, एक मुक्काम आहे फक्त. शनिवारचा स्वयंपाक डब्यातच: दशम्या, चटणी, दही घट्ट झाकणाच्या डब्यात, संत्री. गाडी चौफुल्याला थांबवून झाडाखाली खाल्लं तर हॉटेलातला पाऊण तास वाचतो. मुलांचा गृहपाठ शुक्रवारी. रविवारी परतल्यावर मुगाची खिचडी, डाळ-तांदूळ मोजून डब्यात काढून ठेवा. दूधवाल्याला आणि कामवाल्या ताईंना शुक्रवारी सांगा.

अनघा_हडपसर

सगळ्यांचे आभार. जानेवारीतला तिसरा शनिवार धरतेय. मुक्कामवाल्याला फोन करताना नेमकं काय काय विचारू?

माळवाट

खोलीमागे दर की माणसामागे, आणि सात वर्षांच्या मुलीचं अर्धं ताट धरतात का. खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का. गरम पाणी सौर असेल तर पहाटे कोमट येतं, त्यामुळे बंब किंवा गीझर आहे का. जादा रजया. होडी त्यांचीच की बाहेरची, भाडं होडीमागे की डोईमागे, किती माणसं बसवणार, तुमची पाच माणसं एकटी बसतील की अनोळखी लोकही घेणार. लहान मापाचं जाकीट. हुरड्याचं शेत तिथून किती लांब. नोंदणीची आगाऊ रक्कम परत मिळते का. काठावर मोबाइलची रेंज येते-जाते, ऑनलाइन पैसे अडकतात, म्हणून होडीचे आणि हुरड्याचे पैसे रोख आणि सुटे ठेवा.

शेकाट्या

यात एक भर. निघायच्या दोन दिवस आधी, म्हणजे गुरुवारी, थेट नावाड्याला फोन लावा. मुक्कामवाला "आहेत, आहेत, या" म्हणणारच. नावाड्याला विचारायचं, "काल रोहित किती आणि कुठल्या बाजूला होते, आणि होडी कुठून सुटते?" कुंभारगावच्या बाजूला पाणी जास्त असेल आणि थवे डिकसळकडे बसले असतील तर मुक्काम तोच ठेवून फक्त होडी तिकडची घ्या. सकाळी अर्धा तास आधी उठावं लागेल, एवढाच फरक.

अनघा_हडपसर

चालेल. गुरुवारी फोन करून काय कळतं ते इथेच लिहिते, म्हणजे त्याच रविवारी जाणाऱ्या बाकीच्यांनाही उपयोग होईल.